मी 👍 पाठवला की पुतणी विचारते, "काका, चिडलात का?" आणि माझ्या विनोदावर 💀 पाठवते. इमोजींचे अर्थ असे का बदलतात?

कवटीची आधी काळजी सोडा. 'हसून हसून मेले' असं आपण म्हणतोच, ती कवटी तेवढंच सांगते. तुमचा विनोद तिला आवडलाय. 👍 बद्दल मात्र ती मुद्दाम विचारत नाही, तिला तो खरोखरच तुटक वाटतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, मुलांचे ग्रुप रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इमोजींचे अर्थ पहिल्यापासूनच सैल आहेत. १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीच्या मोबाइल सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच केला, प्रत्येक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचं. सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरं आणि चिन्हं सारखीच ओळखली जावीत म्हणून युनिकोड नावाचं प्रमाण आहे. २०१० मध्ये या युनिकोडने इमोजी जगभरासाठी प्रमाण केले, तेव्हा जपानी चित्रकथांतल्या खुणाही त्यांच्यासोबत आल्या. 😪 हा चेहरा नीट बघा. नाकाशी फुगा आहे, आणि तिकडच्या चित्रकथेत असा फुगा म्हणजे गाढ झोप. युनिकोडमध्ये त्याचं नावही 'झोपाळू चेहरा' अशाच अर्थाचं आहे. आपल्याकडे तो अश्रू समजून दुःखासाठी जातो. 😤 चं नाव विजयाच्या तोऱ्याचं, आपण तो रागासाठी वापरतो. युनिकोड एकदा दिलेलं नाव बदलत नाही, पण मेसेज लिहिणारा नाव कुठे बघतो? तो चित्र बघतो आणि अर्थ लावतो.

माझ्या विद्यार्थ्यांचा लाडका 🗿 घ्या. पाहणाऱ्याला ईस्टर बेटावरचे पुतळे आठवतात, पण युनिकोडमधलं त्याचं नाव 'मोयाई' आहे. टोकियोच्या शिबुया स्टेशनजवळ त्या नावाचा पुतळा आहे, लोक 'तिथे भेटू' म्हणून ठरवतात. आमच्या मुलांना ना बेट माहीत, ना स्टेशन. कुणी काही अचाट बोललं की 'आता यावर काय बोलायचं' म्हणून तो दगडी चेहरा पडतो, आणि तिथे तो इतका चपखल बसतो की दुसरं काही सुचत नाही.

दुसरं कारण वापराचं. 😂 ला ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१५ चा वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं. पुढे आई-बाबा, मामा, शिक्षक, सगळेच प्रत्येक फॉरवर्डला तीन-तीन लावू लागले आणि त्यातलं हसू झिजलं. मुलांना खरोखर हसू आलं हे सांगायला नवं काही हवं होतं, त्यांनी 💀 आणि 😭 उचलले. 😭 तर दोन्हीकडे चालतो, पेपर अवघड गेला तरी आणि कुणी सरांची हुबेहूब नक्कल केली तरी. मागचे चार मेसेज वाचल्याशिवाय कळत नाही. मला हे भाषेचं जिवंतपण वाटतं, मुलांची भाषा बिघडली म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

👍 चा घोळ तर कोर्टापर्यंत गेला आहे. कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात एका शेतकऱ्याला त्याचं जवस विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीकडून कराराचा फोटो आला, त्याने 👍 पाठवला. पुढे त्याने माल पोहोचवला नाही. करार मिळाला एवढंच कळवलं होतं, असं त्याचं म्हणणं. २०२३ मध्ये न्यायालयाने ती संमतीच धरली आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. याउलट २०२४ मधलं मद्रास उच्च न्यायालयातलं प्रकरण. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायाने अधिकाऱ्याच्या खुनाबद्दलच्या मेसेजवर 👍 टाकला आणि त्याची नोकरी गेली. न्यायालयाने म्हटलं, हा 'ओके' ऐवजीचा अंगठा आहे, खुनाचा आनंद नव्हे, आणि त्याला परत घेण्याचा आदेश कायम ठेवला.

पुतणीच्या पिढीत आणखी एक भेद आहे, तो तुमच्या कामाचा. तिच्याच मेसेजखाली रिॲक्शन म्हणून दिलेला 👍 म्हणजे 'वाचलं', त्यात काही खुपत नाही. पण तिने पाच ओळी लिहिल्या आणि उत्तरात नुसता अंगठा आला, तर तो 'बास, विषय संपला' असा वाचला जातो. 🙂 चंही तसंच, मुलं तो ओठ आवळून हसल्यासारखा वाचतात. तिला 'वाचलं गं, छान झालं' एवढं लिहिलंत तरी पुरे.

आपल्या घरच्या ग्रुपवर 🙏 सुप्रभातालाही चालतो आणि भावपूर्ण श्रद्धांजलीलाही, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण कुठे काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ होतो तो निधनाच्या बातमीखाली कुणी वडीलधारे डोळ्यांतलं पाणी बघून 😂 टाकतात तेव्हा. असं दिसलं तर ग्रुपवर टोकू नका. त्यांना वेगळा फोन करून तो मेसेज काढायला सांगा, आणि जमलं तर त्या जागी दोन ओळी लिहून द्या.