अंगणातल्या उन्हाळी शिबिराचा इतिहास कुठून लिहायला घ्यावा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाईंनी घरच्या अंगणात सुरू केलेलं मुलांचं उन्हाळी बायबल शिबिर आता तुम्ही चालवता आणि यंदा त्याची स्मरणिका काढायची आहे. ही पद्धत मुळात आली कुठून आणि घरचा इतिहास लिहायला घ्यायचा कुठून, या दोन ठिकाणी तुम्ही अडला आहात. नगर जिल्ह्यात आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम झालं. आमची स्मरणिका काढताना ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उगमाचं. बहुतेक स्मरणिकांत ‘मिशनरी साहेबांनी ही प्रथा आणली’ एवढं एकच वाक्य असतं. तेवढ्यावर थांबू नका, कारण मूळ गोष्ट तुमच्या सासूबाईंच्या गोष्टीच्या फार जवळची आहे. मुक्कामाची शिबिरं आणि सकाळी येऊन दुपारी घरी जायची शिबिरं या दोन वेगळ्या वाटा आहेत. मुक्कामाची वाट जुनी. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये फ्रेडरिक गन हे शिक्षक आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांनी 1861 साली आपल्या शाळेतली मुलं पायी समुद्रकिनारी नेली आणि तंबूत ठेवली. तेही नवरा-बायकोनं मिळून चालवलेलंच काम. 1880 मध्ये जॉर्ज हिंक्ली या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) सात मुलांना ऱ्होड आयलंडमध्ये मुक्कामाला नेलं, ते चर्चचं पहिलं शिबिर मानतात. 1885 पासून वायएमसीएची (तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संघटनेची) शिबिरं सुरू झाली.

आपली वाट दुसरी, आणि ती शहरातल्या रस्त्यावरून निघते. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला नुकत्याच आलेल्या परदेशी कुटुंबांची दाट वस्ती होती. शाळेला सुट्टी लागली की मुलं दिवसभर रस्त्यावर. एपिफनी बाप्टिस्ट चर्चमधल्या श्रीमती हॉज यांना ते बघवेना. 1898 च्या उन्हाळ्यात त्यांनी जागा शोधली, पण बिअरच्या गुत्त्याशिवाय काही मिळेना. त्यांनी तोच भाड्याने घेतला. गाणी, बायबलमधल्या गोष्टी, वचनांचं पाठांतर, खेळ, हस्तकला असा रोजचा क्रम ठरवला. तुमच्या शिबिराचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा, फारसा फरक दिसणार नाही.

पुढची हकीगत मला सर्वांत मोलाची वाटते. दोन वर्षांनी पाळकांनी हॉजबाईंना सांगितलं की, हे काम चर्चच्या इमारतीतच व्हावं. त्यांनी तसं केलं. चर्च वस्तीपासून लांब, त्यामुळे गरिबांची मुलं कमी झाली. मग बाई पुन्हा वस्तीत, त्या जुन्या जागेच्या जवळच परतल्या. ‘शिबिर चर्चमध्ये का नाही, घरी का?’ असं तुम्हाला कमिटीत कुणी विचारलं असेल (आम्हाला दर दोन-चार वर्षांनी विचारतात), तर हे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. मुलं जिथे खेळतात तिथे शिबिर असावं. माझं तरी हेच ठाम मत आहे.

बाईंचं काम पाहून रॉबर्ट बोव्हिल यांनी 1901 मध्ये ते शहरभर नेलं. त्यांचा हिशोब साधा होता: उन्हाळ्यात मुलं रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या आणि धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थीही रिकामे, तर तिघांना एकत्र आणा. त्यांनी 1922 मध्ये अशा शाळांची जागतिक संघटना स्थापन केली. आपल्याकडे व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा) म्हणतात ते याच परंपरेतलं. बोव्हिल यांचं नाव सगळीकडे सापडतं. हॉजबाईंच्या नावाबद्दल मात्र लेखी मजकुरात एकवाक्यता नाही, कुठे नवऱ्याच्या नावावरून श्रीमती अमुक, कुठे वेगळंच. तुमच्या स्मरणिकेत सासूबाईंचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं पूर्ण लिहा.

‘मग हे सगळं परकंच की’ असंही कुणीतरी म्हणेल. चौकट बाहेरची आहे, हे मोकळेपणाने मान्य करा. आत काय भरलं ते मात्र आपलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. नंतर ते नगरला राहिले आणि अभंग-भजनं उपासनेत आणली. त्यामुळे आमच्या अंगणात सकाळ पेटीवरच्या इंग्रजी चालीने कधीच सुरू झाली नाही, टाळावर झाली. बुटका जक्कय येशूला बघायला झाडावर चढतो, ती बायबलमधली गोष्ट आजी सांगायची, तिला चित्रंही लागत नसत. मराठी बायबलात जक्कय उंबराच्या झाडावर चढतो आणि आमच्या अंगणात उंबरच होता. सगळ्यांत बुटका मुलगा पहिल्या फांदीवर, बाकीची मुलं खाली गर्दी करून. आजी स्वतः येशूचं वाक्य म्हणायची, “जक्कया, त्वरा करून खाली ये.” तो मुलगा उतरेपर्यंत एकही मूल आवाज करत नसे.

आता लिहिण्याबद्दल. आठवणींपासून सुरुवात करू नका, कागदांपासून करा. आम्ही उलटं केलं. काकांच्या आठवणीवरून शिबिराचं पहिलं वर्ष 1968 छापलं. छापून झाल्यावर एका जुन्या विद्यार्थिनीने बक्षीस मिळालेला नवा करार (बायबलचा दुसरा भाग) आणून दाखवला. आतल्या पानावर आजीच्या अक्षरात ‘वचन पाठांतर, पहिला क्रमांक’ आणि खाली मे 1966. सगळ्या प्रतींवर शुद्धिपत्र चिकटवावं लागलं. म्हणून आत्ताच मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, जाहीर करा की, जुन्या बक्षिसांची पहिली पानं बघा आणि फोटो पाठवा.

दुसरा कागद हजेरीची वही. घरात कायम सांगितलं जायचं की, दुष्काळात शिबिर बंद होतं. वहीत मात्र 1973 च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा दुप्पट नावं निघाली. त्या उन्हाळ्यात आईबाप दुष्काळी कामांवर खडी फोडायला जायचे, लहान मुलं सोडायला जागा नव्हती. आजीने त्यांना सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. वहीच्या मागच्या पानावर सुकडी (दुष्काळात वाटायचा पौष्टिक कोरडा खाऊ) किती आली आणि किती वाटली याचा रोजचा हिशोब आहे, एका दिवशी ‘पाण्याचा टँकर नाही, खेळ नाही’ एवढीच नोंद. नावांत निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती घरातली नव्हती. आमच्या शिबिराचा सगळ्यांत मोठा उन्हाळा तोच होता आणि तोच आम्ही गाळणार होतो.

तिसरी गोष्ट जरा नाजूक, पण लिहा. घरचं शिबिर म्हणजे घरच्या बायकांचे कष्ट. गोष्ट सांगणारीचं नाव राहतं. पहाटे पोहे भिजवणारी, रांजण भरणारी, मुलं गेल्यावर अंगण झाडणारी जाऊ किंवा शेजारीण कुठेच येत नाही. आमच्या घरी ती माझी धाकटी काकू होती. तिच्याशी मी एक दुपार बसले, तेव्हा कळलं की पहिली काही वर्षं खर्च मंडळीच्या दानार्पणातून नव्हताच, आजोबांच्या शिक्षकाच्या पगारातून होता. पैशाचं हे स्पष्ट लिहा. घरचा पैसा किती, मंडळीचा किती, हे कागदावर नसलं की पुढच्या पिढीत भावाभावांत वाद होतात. आमच्याकडे झाले, आणि एक उन्हाळा शिबिर भरलंच नाही. ते रिकामं वर्षही आम्ही स्मरणिकेत कारणासकट दिलं.

आजच्या नियमांनाही एक पान द्या. पालकांची लेखी परवानगी, इतर धर्मांच्या घरातून येणाऱ्या मुलांच्या पालकांना आधीच क्रम दाखवणं, मुलांजवळ कायम दोन मोठी माणसं. सासूबाईंच्या काळी हे लागत नव्हतं, आज लागतं, आणि ते कधीपासून सुरू केलंत हाही इतिहासच आहे.

पावसाळ्याआधी वह्यांचे फोटो काढून घ्या, वाळवी वाट बघत नाही. ग्रुप फोटो कुणा म्हाताऱ्या माणसाला दाखवून मागे पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि स्वयंपाकघरात कोण होतं, ते सासूबाईंना आधी विचारा.