रिलीज बेअरिंग बदलूनही घरघर जात नाही, त्याबद्दल

तुमची जुनी 4 गिअरची डिझेल जीप न्यूट्रलला उभी असताना घरघरते आणि क्लच दाबला की गप्प होते. गॅरेजमध्ये रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बदललं, आवाज होता तसाच राहिला, आणि आता मिस्त्री म्हणतायत पूर्ण क्लचसेट टाका. एवढ्यात टाकू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणातच बरंचसं उत्तर आहे.

पाय पेडलवर नसतो तेव्हा इंजिनबरोबर क्लच प्लेट फिरते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा टॉप शाफ्ट (इंजिनची ताकद आत आणणारा दांडा) आणि त्याच्या दातांवर खालचा काउंटर शाफ्ट. पेडल पूर्ण दाबलं की हे दोन्ही शाफ्ट हळूहळू थांबतात. दाबल्यावर आवाज जातोय, म्हणजे तो या दोघांच्या बेअरिंगमधून येत असणार. रिलीज बेअरिंगचं नेमकं उलट असतं. पाय वर असताना ते मोकळं बसलेलं असतं. पेडलवर पाय टेकवला, फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मऊ चाल) संपला आणि ते प्रेशर प्लेटच्या फिंगरना लागलं की फिरू लागतं. त्यामुळे त्याचा आवाज पाय टेकवल्यावर सुरू होतो, बंद होत नाही. राहिलं फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग. पेडल तळाला नेऊन गिअर टाकला आणि गाडी उभी असली की क्रँक फिरते, टॉप शाफ्ट थांबलेला असतो, आणि खराब पायलट तेव्हा किंचाळतं.

या हिशोबात दोन ठिकाणी फसायला होतं. फ्री प्ले अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग कायम फिरत राहतं, मग वरचा नियम लागू होत नाही. म्हणून आधी पेडल हाताने दाबून बघा. या जीपना साधारण 25 मिमी मऊ चाल हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. दुसरं म्हणजे आयडलिंग फार कमी असेल तर डिझेल इंजिनच्या हिसक्यांनी गिअरचे दात एकमेकांवर खडखडतात, आणि तो खडखडाटही पेडल दाबल्यावर जातो. अॅक्सिलरेटर किंचित दाबा. खडखडाट नाहीसा झाला तर बेअरिंगचा दोष नाही. आवाज रेसबरोबर चढत गेला तर मात्र बेअरिंगच.

माझ्या गाडीला हाच आजार झाला होता. भर पावसात गावाकडच्या मोरीवरून पाणी वाहत होतं, मी गाडी तशीच काढली. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून (बॉक्सची हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी घरघर सुरू झाली. मिस्त्रींनी क्लचसेट बदलला, पैसे गेले, घरघर राहिली. शेवटी ड्रेन प्लग उघडला तेव्हा ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. टॉप शाफ्टचं बेअरिंग धुऊन हातात फिरवलं तर बोटांना बारीक वाळू लागल्यासारखं होत होतं, आणि बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) सुईने टोचल्यासारखे खड्डे पडलेले. अजून ते बेअरिंग मी डब्यात ठेवलंय.

म्हणून तुम्हीही क्लचला हात लावण्याआधी गिअर ऑइल काढा. फार तर अर्ध्या तासाचं काम आहे. प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळी मऊ पेस्ट असणं नेहमीचं, पण नखाला लागतील असे चमकते कण किंवा पापुद्रे असतील तर बॉक्स उघडावाच लागेल. पांढुरकं ऑइल आलं तर पाणी गेलंय.

मग एकदा अणुस्कुरा घाटात गाडी नेऊन बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला चढावर आवाज वाढला आणि सपाटीला टॉप गिअरमध्ये जवळजवळ गेला, तर काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या, कारण टॉप गिअरला ताकद सरळ टॉप शाफ्टमधून मेन शाफ्टला (चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला) जाते आणि काउंटर नुसता रिकामा फिरतो. उभ्या गाडीत शांत पण चालत्या गाडीत सगळ्याच गिअरमध्ये आवाज आला असता तर मी मेन शाफ्टच्या मागच्या बेअरिंगकडे किंवा ट्रान्स्फर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याकडे) बघितलं असतं. तुमच्या वर्णनात ते नाही.

बॉक्स उतरवायचाच ठरला तर काम चालू असताना समोर उभे राहा. शाफ्ट क्लच प्लेटच्या हबमध्ये अडकलेला असताना बॉक्स लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. खाली जॅक हवाच. टॉप शाफ्टचं बेअरिंग, काउंटरचे रोलर, पायलट आणि पुढचं ऑइल सील एकदमच बदला, पुन्हा मजुरी नको. नवीन रिलीज बेअरिंग मात्र चांगलं असेल तर राहू द्या, फक्त ते कुणाला डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवू देऊ नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. बेअरिंग घेताना रेसवर कोरलेला नंबर जुन्याशी जुळवा. 6206 सारख्या नंबरात शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणलं की आतला व्यास मिळतो, 30 मिमी. खोक्यावरच्या छापील नावावर जाऊ नका, नकली माल भरपूर आहे.

आणि ब्रीदर काढून फुंकून बघा. चिखलाने बुजलेला असेल तर नवीन सीलही टिकणार नाही. मी त्याला रबरी नळी जोडून तोंड बॉनेटखाली उंच नेलंय, त्यानंतर तीन पावसाळे ऑइल स्वच्छ निघालं.

ऑइल कसं निघालं ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.