ग्रीन कार्ड, ज्युरीचं समन्स आणि अमेरिकेतली कोर्टं

काका, न्यू जर्सीत मुलाच्या नावाने ज्युरीचं समन्स आलं म्हणून तुम्ही विचारलंत, ‘ग्रीन कार्डवर असताना कोर्टकचेरी मागे लागली का?’ तसं काही नाही. त्याच्यावर कसलाही खटला नाही. ज्युरी म्हणजे खटला ऐकून निर्णय देणारे सामान्य नागरिक, आणि हे त्यात बसायला बोलावणारं पत्र. ही नावं ड्रायव्हिंग लायसन्स आणि करदात्यांच्या याद्यांमधूनही उचलतात, त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही पत्र जातं. ज्युरीत बसायला मात्र नागरिकच लागतो. प्रश्नावलीत ‘अमेरिकेचे नागरिक आहात का?’ याला ‘नाही’ लिहून ती मुदतीत पाठवायची. कागद फेकून देऊ नये आणि ‘हो’ तर मुळीच लिहू नये. नागरिकत्वाचा खोटा दावा पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतो.

आता तिथली कोर्टं चालतात कशी, ते. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे. तिथे दोन आहेत. एक राज्याची: न्यू जर्सीत सुपीरियर कोर्ट, त्याचा अपील विभाग आणि वर राज्याचं सुप्रीम कोर्ट. खून, चोरी, घटस्फोट, घरभाड्याचे तंटे बहुतेक इथेच चालतात आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ लावताना याच सुप्रीम कोर्टाचा शब्द अखेरचा. दुसरी केंद्राची: ९४ जिल्हा न्यायालयं, १३ अपील न्यायालयं आणि वॉशिंग्टनचं ९ न्यायाधीशांचं सुप्रीम कोर्ट. नावावर मात्र जाऊ नका, न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटले चालवणारं खालचं कोर्ट आहे.

या साऱ्याचा जीव ज्युरीत आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्या नौदलातले अधिकारी नानावटी यांच्यावरचा खुनाचा खटला आठवा. १९५९ साली मुंबईत ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. अमेरिकेत हे होऊच शकत नाही. ज्युरीने निर्दोष म्हटलं की त्यावर सरकारला अपील नाही, जज्जाला कितीही खटकलं तरी.

तरीही दोन शिड्यांमुळे एक फट राहतेच. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणाऱ्या लॉस एंजेलिसच्या पोलिसांना राज्याच्या ज्युरीने १९९२ मध्ये दोषी धरलं नाही आणि शहर पेटलं. मग केंद्राने नागरी हक्कांच्या कायद्याखाली वेगळा खटला भरला, त्यात १९९३ मध्ये चौघांपैकी दोघे दोषी ठरले. राज्य आणि केंद्र ही दोन स्वतंत्र सरकारं, म्हणून हे चालतं.

नागरिक झाल्यावर मीही एका फौजदारी खटल्यात ज्युरीवर होतो. निवडीच्या वेळी जज्जांनी एकेकाला विचारलं, घरात कुणी पोलीस आहे का, कधी गुन्ह्याचा त्रास झालाय का. ऐकायला १२ पेक्षा जास्त माणसं बसतात आणि विचारविनिमयाआधी चिठ्ठ्या काढून जादाची बाजूला करतात. उरलेल्या बाराही जणांचं एकमत लागतं. एक जरी अडला तरी दोषी ठरवता येत नाही. आमच्यातल्या एका बाई शेवटपर्यंत साक्षीतलं एकच वाक्य पुन्हा वाचून दाखवा म्हणत होत्या, आणि दरवेळी ते वाचून दाखवलं गेलं.

आणखी एक. ‘तुम्ही ज्युरीला आला नाहीत, दंड भरा, नाहीतर अटक’ असा फोन मुलाला आला तर तो भामट्यांचा समजावा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. शंका असेल तर त्याने कोर्टाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून स्वतः फोन करावा.