ओहतानीचे ७० कोटी आणि पिचरांची ओढ

प्रश्न : अमेरिकेच्या मेजर लीगमधील बेसबॉल संघ लॉस एंजेलिस डॉजर्सने डिसेंबर २०२३मध्ये शोहेई ओहतानीशी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला, पण त्याला वर्षाला २० लाखच मिळतात, असे वाचले. ही कर चुकवण्याची युक्ती आहे का? शिवाय एवढा खर्च करून आणखी पिचर (चेंडू टाकणारे) कशासाठी घेतले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चुकवण्याची नव्हे, पण कर हलका करण्याची नक्कीच. आयपीएलमध्ये असते तशी पगारांवर कडक कमाल मर्यादा मेजर लीगमध्ये नसते. ठरावीक रकमेपलीकडे (२०२४साठी २३ कोटी ७० लाख डॉलर) गेलेल्या संघाला जादा खर्चावर लीगकडे कर भरावा लागतो. ओहतानीचे ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी दिले जाणार असल्याने, आजच्या मूल्याने या हिशेबात त्याचे वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखच धरले जातात. नियमात बसणारी असली तरी ही उधारीच आहे आणि ती पुढच्या व्यवस्थापनाच्या माथी बसेल.

पिचरांचे कारण साधे आहे : सप्टेंबर २०२३मधील कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे, एरवी पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणारा ओहतानी २०२४मध्ये केवळ फलंदाजी करणार होता. म्हणून टॅम्पा बे संघाला रायन पेपियो आणि जॉनी डेलुका हे तरुण खेळाडू देऊन टायलर ग्लासनाऊ (सोबत मॅन्युएल मार्गो) आणला गेला, तर जपानच्या योशिनोबू यामामोतोला १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाखांना करारबद्ध केले. ग्लासनाऊच्या दुखापतींचा इतिहास पाहता मला ती अदलाबदल अधिक जोखमीची वाटली होती. २०२४चे विजेतेपद डॉजर्सने जिंकले खरे, पण तेव्हा ग्लासनाऊ जायबंदीच होता.