अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या सक्तीत मुक्त बाजाराच्या समर्थकांना नेमके काय खटकते?

निरोगी तरुणानेही विमा घेतलाच पाहिजे, या ओबामाकेअरमधील (राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळातील आरोग्यविमा कायद्यातील) तरतुदीला एवढा विरोध का झाला आणि त्या कायद्याने विमा स्वस्त झाला की महाग, असे आपण विचारले आहे. न्यू जर्सीतील एडिसन येथे मी बावीस वर्षे लोकांची कर-विवरणपत्रे भरून देत आहे. विमा नसल्याचा दंड ज्या ओळीत लिहावा लागे, ती ओळ मी शेकडो वेळा भरली आहे आणि स्वतः या कायद्याची झळ सोसली आहे. त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही.

कायदा मार्च २०१० मध्ये झाला आणि सक्ती २०१४ पासून लागू झाली. आजार पाहून कोणालाही नाकारायचे नाही, आजारावरून हप्ता ठरवायचा नाही आणि वयस्कर माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीहून अधिक ठेवायचा नाही, अशी बंधने विमा कंपन्यांवर आली. प्रत्यक्षात साठीतल्या माणसाचा वैद्यकीय खर्च विशीतल्या माणसाच्या साधारण पाचपट असतो. ही तूट तरुणांच्या हप्त्यातून भरून काढायची असे ठरले, आणि तरुण पळून जाऊ नयेत म्हणून दंड आला. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा दंड वैध ठरवला, तोही तो कर मानता येतो या आधारावर. कर घ्यायचा असेल तर तो कर म्हणून उघडपणे मागावा; सत्तावीस वर्षांच्या दुकान-कामगाराच्या हप्त्यात लपवून तो वसूल करणे मला अप्रामाणिक वाटते. २०१६ चे विवरणपत्र भरायला असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. उत्पन्न ३४ हजार डॉलर. सरकारी मदत धरूनही महिन्याचा हप्ता अडीचशेच्या आसपास. त्याने विमा घेतला नव्हता आणि ६९५ डॉलर दंड भरला. आजारी पडला असता तर त्या ६९५ डॉलरांतून त्याला साधी खोकल्याची बाटलीही मिळाली नसती.

आता माझ्या घरची गोष्ट. तेव्हा न्यू जर्सीत ‘बेसिक अँड इसेन्शियल’ नावाची साधी पॉलिसी मिळत असे. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर आधार, आणि बाकीचा बराचसा खर्च आपला. मी एक्कावन्न वर्षांचा आणि पत्नी अठ्ठेचाळीस वर्षांची; दोघांचा मिळून हप्ता महिना ४१५ डॉलर. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीचे पत्र आले की नव्या कायद्याच्या अटींत बसत नसल्याने ही पॉलिसी ३१ डिसेंबरनंतर चालू राहणार नाही. ज्याला आपली पॉलिसी आवडते त्याला ती ठेवता येईल, हे राष्ट्राध्यक्षांचे आश्वासन आम्ही दूरचित्रवाणीवर अनेकदा ऐकले होते. या कायद्याने उभारलेल्या नव्या विमा-बाजारात आमच्यासाठी सर्वांत स्वस्त पर्याय ७४२ डॉलरचा निघाला. त्यात प्रसूती होती, व्यसनमुक्तीचे उपचार होते, आणि वर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपणच करायचा होता. दोघांच्या कुटुंबाला ६२,०४० डॉलर उत्पन्नापर्यंतच मदत होती, आणि आमचे उत्पन्न त्याहून जेमतेम दोन हजारांनी अधिक होते. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे: महाग झाला. ज्यांना मदत मिळाली, त्यांचे उत्तर वेगळे असेल.

त्या दिवाळीत थोरल्या बहिणीकडे फराळाला गेलो असताना मी ते पत्र दाजींना दाखवले. दाजी एका मोठ्या औषध कंपनीत होते. चिवड्याची बशी बाजूला सारून त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, “गाडीचा विमा सक्तीचा आहेच ना? मग शरीराचा का नको?” गाडीच्या विम्याची सक्ती मुख्यतः दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते, गाडी नसलेल्याला ती लागू होत नाही, आणि ऑइल बदलायला कोणी विमा कंपनीकडे पैसे मागत नाही, असे मी म्हणालो. मग मी त्यांना त्यांच्याच डब्ल्यू-टू फॉर्ममधील (मालकाकडून दरवर्षी मिळणाऱ्या पगार व कराच्या दाखल्यातील) बारावा रकाना आठवून दिला, कारण तो फॉर्म दरवर्षी माझ्याकडेच येत असे. त्यात ‘डीडी’ या खुणेपुढे विम्याचा संपूर्ण खर्च लिहिलेला असतो. त्यांचा आकडा सतरा हजारांच्या वर होता. “तो कंपनीचा खर्च, माझा नव्हे,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

माझ्या मते सगळा रोग त्या एका वाक्यात आहे. १९४२ मध्ये युद्धकाळात सरकारने पगारवाढ गोठवली, पण विम्यासारख्या सवलतींना मोकळीक ठेवली. कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करकायद्याने ही सवलत कायमची करमुक्त केली. दाजींच्या त्या सतरा हजारांवर ना आयकर, ना वेतनावरचा कर. मला आयकरात वजावट मिळते, पण १५.३ टक्के स्वयंरोजगार करातून सुटका नाही. त्या दुकान-कामगाराला तर यातले काहीच नाही. पैसे परस्पर जातात म्हणून किंमत कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून ती वाढत राहते. २०१५ मध्ये माझ्या गुडघ्याचे एमआरआय करायचे होते. विम्यातून दर १,४६० डॉलर, आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी आपणच करायचा असल्याने तो सगळा माझ्याच खिशातून जाणार होता. रोखीने किती, असे विचारल्यावर काउंटरवरच्या बाईंनी ४२५ सांगितले आणि बजावले, “मात्र विम्याचे कार्ड काढू नका, ते एकदा नोंदवले की मला हा दर देता येणार नाही.” या कायद्याने हे दुखणे बरे करण्याऐवजी आणखी लोकांना त्याच व्यवस्थेत ढकलले.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. सक्तीची कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेनेच मांडली होती आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ती रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आणली. न्यू जर्सीने १९९२ च्या कायद्याने सक्तीविना सर्वांना विमा खुला केला, तेव्हा निरोगी लोक बाहेर पडले आणि हप्ते भडकले. म्हणजे सक्तीमागचे गणित खोटे नव्हते. इतर अनेक राज्यांत जुन्या आजारामुळे लोकांना खरोखर नाकारले जाई आणि त्यांच्यासाठीच्या सरकारी योजनांत पैसा अपुरा पडे. त्या योजनांना सर्वांच्या करातून पुरेसा पैसा द्यायला हवा होता, असे माझे मत आहे.

केंद्रीय दंड २०१९ पासून शून्यावर आला, पण त्याच वर्षी न्यू जर्सीने स्वतःचा सुरू केला. आपण इकडे येणार असाल तर विमा जरूर घ्या, मात्र प्रत्येक तपासणीआधी रोखीचा दर विचारा. आणि नोकरी मिळाली तर डब्ल्यू-टूचा बारावा रकाना वाचा. तो आकडा दाखवण्याची सक्तीही याच कायद्याने केली, आणि त्यातले ते एक कलम मला मनापासून पटते.

२०१९ मध्येच दाजींचा विभाग बंद झाला. कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा काही काळ ठेवू देणारा कायदा, याखाली तोच विमा अठरा महिने ठेवता येत होता, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के भरून. महिना १,९३० डॉलर. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. “इतकी वर्षे एवढे पैसे जात होते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही,” असे ते म्हणाले. दाजींना मधुमेह आहे आणि ते फार घाबरले होते, म्हणून तेव्हा मी काही बोललो नाही. कोणते कागद लागतील तेवढे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे जाऊन अर्ज भरून दिला.