वाचक विचारतात : माथेरानच्या इंजिनाची चाकं वळायची कशी?

प्रश्न : नेरळ स्टेशनात माथेरानच्या गाडीचं जुनं इंजिन ठेवलंय. माझ्या नातवाने विचारलं, ‘आजोबा, एवढ्या वळणांवर याची चाकं अडकायची नाहीत?’ मला काही सांगता येईना. आणि ही गाडी इंग्रजांनी बांधली, हे तरी खरं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नातवाला माझा नमस्कार सांगा. इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस म्हणून लागलो तेव्हा मीही मेस्त्रींना हेच विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही, मला इंजिनाखाली पाठवलं.

खाली पडून पाहिलं तर सहा चाकं, तीन जोड्या. मधली जोडी नेहमीसारखी जागच्या जागी पक्की. पुढच्या आणि मागच्या जोडीचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, मात्र पोकळ. चाकं या पोकळ नळीवर, आणि नळीच्या आत दुसरा भरीव ॲक्सल. दोन्ही मध्यावर एका गोळ्याने आणि खिळीने जोडलेले. आतला ॲक्सल फिरला की बाहेरची नळी फिरतेच, पण वळण आलं की ती थोडी तिरपी होते, थोडी बाजूला सरकते. जात्याचा वरचा दगड खुंट्याभोवती जरा डुलतो, तसं. या रचनेला ‘क्लीन-लिंडनर’ म्हणतात. आम्ही नुसतं ‘पोकळ’ म्हणायचो. ग्रीस कमी पडलं की ती नळी अशी तापायची, की एकदा हात लावून पाहिला आणि आठवडाभर डाव्या हाताने जेवलो.

अशी चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कॉपेल कारखान्यातून आली. त्यांची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची. आपली बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच. बार्शीचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, माथेरानचं दोनच फूट, कारण डोंगराला वळसे घालत चढायचं तर रूळ जितके जवळ तितकं बरं. चढही साधासुधा नाही, काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट. उतरताना इंजिनाच्या एकट्या ब्रेकवर भरवसा ठेवून चालायचं नाही. डब्यांवर ब्रेकवाले असायचे, ड्रायव्हरच्या शिट्टीवर हाताने ब्रेक आवळायचे आणि सोडायचे. माझ्या मते गाडी खरी त्यांनीच चालवली, फोटो मात्र सगळे ड्रायव्हरचे.

आता इंग्रजांचं. माथेरान शोधलं ते ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी, 1850 मध्ये. गाडी मात्र मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांवर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर उभी राहिली. काम 1904 मध्ये सुरू झालं, 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. तेव्हाचे सोळा लाख, म्हणजे घरादाराची हौस करून उरणारी रक्कम नव्हे!

मधल्या एका स्टेशनाचं नाव ‘वॉटर पाईप’ का, असं पर्यटक विचारतात आणि हसतात. हसण्यासारखं काही नाही, तहानलेलं इंजिन तिथे पाणी प्यायचं. त्याआधीचं जुम्मापट्टी स्टेशन खाली राहिलं की निम्मी टाकी रिकामी, हे आम्हाला घड्याळासारखं पाठ. डिझेल इंजिनांना तिथे पाण्यासाठी थांबायची गरज उरली नाही, नाव तेवढं राहिलं.

डिझेल आली 1955 च्या सुमारास, पण वाफेची इंजिनं 1980 नंतरही काही काळ टिकली. त्यांतलं एक नंतर इंग्लंडमधल्या लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे गेलं. आता माथेरानला वाफेसारखं रूप दिलेलं एक इंजिन दिसतं, आत डिझेलच. नातवाने विचारलं तर तेही खरं सांगा, पोरं फसवलेलं विसरत नाहीत.

पुढच्या वेळी नेरळला गेलात की त्याला इंजिनाशेजारी उकिडवं बसवा आणि पुढच्या चाकांच्या मधोमध बघायला सांगा. जाड नळी दिसेल. पँटीला ग्रीस लागलं तर सूनबाईंना माझं नाव सांगू नका.