अबोलीच्या काड्या का सडतात आणि बाकीचे प्रश्न

पाऊस लागला की अबोलीचे प्रश्न येतातच, यावेळी तर ढीगच आलाय. त्यातले पाच घेतलेत. (काडी म्हणजे नवीन रोप करायला लावतात तो फांदीचा तुकडा.)

प्रश्न: तीनदा काड्या लावल्या, आठ दिवसांत बुडातून काळ्या पडतात. लाल माती, भरपूर शेणखत, रोज पाणी घालते. (ठाणे)

ताई, आधी ते शेणखत काढा, काडीला मुळंच नाहीत तर ती खाणार कशानं? कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी निम्मी घ्या, ओली करून मुठीत दाबा, बोटांतून पाणी गळलं की समजायचं जास्त झालंय. आणि काडी कुठली घेता तेही बघा, फुलांचं कणीस आलेली फांदी नको, शेंड्याकडची घ्या, कोवळी पण अगदी लुसलुशीत नाही, तीन-चार इंच, पेराच्या, म्हणजे पानं फुटतात त्या गाठीच्या, लगेच खाली धारदार ब्लेडनं कापायची. खालची पानं काढून वरची दोन-चार ठेवा, मोठी असली तर अर्धी कापा. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) असली तर बुडाला लावा, नसली तरी अडत नाही. वरून बिसलेरीची बाटली, बूड कापलेली, बूच काढलेली, झाकणासारखी ठेवायची, पालथी नाही हं, तोंड वरच. आतून वाफ धरलेली दिसतेय तोवर पाणी घालू नका. कुंडी वळचणीखाली सावलीत, उन्हात ठेवलीत तर काडी आत शिजेल!

प्रश्न: पंधरा दिवस झाले, नवीन पान आलंय. मुळं फुटली असतील ना, काढून बघू?

नका हो. मी नवीन होतो तेव्हा दर चार दिवसांनी उपटून बघायचो, सगळी ट्रे घालवली. पान काडीत साठलेल्या अन्नावरही फुटतं, ते फसवं असतं. तीन-चार आठवडे थांबा, मग दोन बोटांत धरून हलकं ओढा, अडली म्हणजे मुळं धरली.

प्रश्न: पाण्याच्या ग्लासात ठेवली तर?

कधी कधी मुळं येतात, पण नाजूक, मातीत नेली की निम्म्या काड्या माना टाकतात. मी नाही करत.

प्रश्न: आईकडे गोव्यात बिया आपोआप रुजायच्या, माझ्या नर्सरीतल्या केशरी अबोलीला बीच धरत नाही.

ती बहुतेक ‘दिल्ली’ नावाची अबोलीची जात असेल. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात म्हणून बी धरत नाही, तिला काडीशिवाय पर्याय नाही. आईकडची गावठी, तिची वाळकी बोंडं पाणी लागलं की टचकन फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून पहिल्या पावसानंतर अंगणभर रोपं. लहानपणी थुंकी लावून फोडली असतील तुम्ही पण 😄

प्रश्न: जुनं झाड पिवळं पडत चाललंय, उपटलं तर मुळांना गाठी गाठी. काड्या घेऊ का त्याच्या?

गाठी म्हणजे सूत्रकृमी, मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, अबोलीला ते फार लागतात. ते मुळांत असतात, शेंड्यात नाही, तेव्हा मातीला न टेकलेल्या उंच शेंड्याच्या काड्या खुशाल घ्या, फक्त नवीन कोकोपीटमध्ये, धुतलेल्या कुंडीत. जुनी माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका, मुळं कंपोस्टमध्येही टाकू नका. रोपं धरली की सकाळचं दोन-तीन तास ऊन लागेल अशी जागा द्या, सावली चालते म्हणून जिन्याखाली ठेवलीत तर नुसती पानंच येतील.